हातानं बोल ना…

"ओ बाई, चप्पल का उडवली माझी?"

मी गर्रकन वळले. बाई? मला अजून एकोणीस पूर्ण नाय!

"रस्त्यात पडली होती, उडवली. आणि बाई कुणाला म्हणतो रे?"

"रस्त्यात नाय, लाईनीत होती." तो लंगडी घालत आला, हातात चहाचा ग्लास. "इथं माणूस चहाला गेला की त्याची चप्पल उभी राहते. पहिल्यांदाच आली वाटतं?"

पहिल्यांदाच आले होते. नाशिकरोडच्या जेलबाहेर, मंगळवारी, डिसेंबरच्या बोचऱ्या थंडीत. माझा मोठा भाऊ लखन आत होता. सातपूरला कंपनीच्या गेटवर संप पेटला, दगडं पडली, पोलिसांनी हाताला लागले ते उचलले. लखन नुसता डबा घेऊन उभा होता.

मी त्याची निळ्या पट्ट्याची, खिळा मारलेली चप्पल उचलून परत लाईनीत ठेवली. तो हसला. अंगाला मेथीचा वास… पंचवटीच्या बाजारात भाजी विकायचा. नाव गोरक्ष.

आत दोन जाळ्या, मधे हातभर अंतर. अलीकडं आम्ही, पलीकडं ते, आणि सगळे एकदम ओरडतायत. मीपण सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडले, "आईला बरं नाय रे! सारखी रडते!" सगळ्यांनी माना वळवून बघितलं. लखनची मान खाली गेली.

"परत येऊ नको, तृप्ते," म्हणाला आणि पाठ फिरवून गेला.

आणि शेजारी हा गोरक्ष! तोंड बंद, हात नुसते नाचतायत. पलीकडून त्याचा भाऊ भिका हातानंच उत्तर देतोय, हसतोय. त्या कालव्यात गप्पा मारत होते ते फक्त हे दोघं.

पुढच्या मंगळवारी लखन जाळीपाशी आलाच नाय. मी तशीच उभी. गोरक्षनं भिकाला हातानं काहीतरी विचारलं, मग माझ्याकडं वळला.

"तुझा भाऊ याच्याच बराकीत आहे. जेवत नाय. भिंतीकडं तोंड करून पडून असतो."

माझं डोकंच फिरलं. "मग मी काय करू? ओरडले की त्याला लाज वाटते!"

"हातानं बोल ना…" तो हळूच म्हणाला. "आमची आई जन्मापासून बहिरी. आमच्यात भांडणंपण हातानंच होतात. मी तुला शिकवतो. आत भिका त्याला शिकवंल."

"मी शाळा सोडलीये. मास्तर लोकांचं आणि माझं जमत नाय."

"मी मारत नाय."

"मी मारते."

मग काय… लाईनीत शाळा भरली. त्याची बोटं भाजीनं हिरवी झालेली, थंडीनं उललेली, पण हलायला लागली की बघतच राहावं. एकदा म्हणाला, "अंगठा असा नाय, असा," आणि माझा अंगठा धरला. लगेच सोडला. मग आम्ही दोघंही उगाच चपलांकडं बघत बसलो.

मला दोन मिनिटांत राग येतो. त्याला कधीच आला नाय. हवालदार खेकसला तरी नाय. म्हाताऱ्या वत्सलाबाईंना जाळीतून त्यांचा पोरगा दिसायचा नाय, तर हा आधी त्यांना पुढं उभं करायचा, मग भिकाकडं बघायचा. असला माणूस मी आमच्या अख्ख्या गल्लीत बघितला नव्हता.

आणि एका मंगळवारी लखन आला! वाळला होता, पण आला. हाताचा घास करून तोंडाकडं नेला… जेवलो. मी हातानं सांगितलं, आई बरी आहे, वाट बघते. कुणाला ऐकू गेलं नाय. लखन हसला. मीच रडले, येडी.

थंडी सरता सरता भिकाचा जामीन झाला. त्याची ती शेवटची मुलाखत. मी लखनशी बोलत होते, तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, भिका माझ्याकडं बोट दाखवतोय.

गोरक्षनं जिभेला बोट लावून हात झटकला. मिरची आहे. मग घास तोंडाकडं नेला आणि मान हलवली. पण मिरचीशिवाय जेवण जात नाय.

भिकाचे हात हलले. तिला सांगितलंस?

भीती वाटते. आता तू सुटलास, मंगळवारी कशाला येऊ मी इथं?

बिचारा विसरला होता… ही बोली त्यानंच मला शिकवली होती! आणि पलीकडं लखनलापण. लखन तोंड उघडं टाकून सगळं वाचत होता. मग माझ्याकडं बघून हातानंच बोलला. पोरगा चांगला आहे.

गोरक्षची नजर लखनवर गेली, मग माझ्यावर. कानापर्यंत लाल झाला. मी काय बोलणार तेवढ्यात शिट्टी वाजली, गर्दीनं त्याला बाहेर ढकललं. मी बाहेर येईपर्यंत पळाला!

आठवडाभर मी घरात भांडी आपटत होते.

मंगळवारी लाईनीत गेले, तर… निळ्या पट्ट्याची, खिळा मारलेली चप्पल! मी माझी चप्पल काढून तिला चिकटून ठेवली. तो चहा घेऊन आला. दोन ग्लास.

"भाऊ सुटला ना तुझा? आता कोण आहे आत?"

"लखनभाऊ." मान खाली. "पण… भेटायला नातेवाइकालाच आत सोडतात."

बोलता बोलता लाईन पुढं सरकली. हवालदारानं विचारलं, "काय रे, तू कोण लखनचा?"

गोरक्ष माझ्याकडं बघत राहिला.

"होणारा मेहुणा!" मी एवढ्या जोरात ओरडले की अख्खी लाईन वळली. वत्सलाबाई खुदकन हसल्या. ओरडायची लाज मला आधीही नव्हती.

मी त्याच्याकडं बघितलं. दोन्ही हातांत चहाचे ग्लास धरून तो तसाच उभा होता, आणि त्याला ते खालीसुद्धा ठेवायचं सुचत नव्हतं.