तिरुवल्लिकेणीत शिरलेला बोया

त्या संध्याकाळी मी फक्त कॉफीची पूड आणायला बाहेर पडले होते. माझ्या घरमालकीण हेमावती अम्मांना समोर दळून दिलेलीच पूड लागायची, आणि चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतलं तसं दुकान घरापासून दोन-चार गल्ल्यांवर. नोव्हेंबर होता. दुपारीच पाऊस थांबला होता. गल्लीत पाणी साचलेलं, देवळाकडून भिजलेल्या फुलांचा वास येत होता. काही वेगळं घडेल असं वाटावं, असं त्यात काहीच नव्हतं.

मी मूळची रत्नागिरीची, सुनीती. चेन्नईत समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरी करते. किनाऱ्यालगतचं पाणी कुठल्या ऋतूत कुठे वाहतं, ते मोजायचं, हे माझं काम. तेव्हा मी अम्मांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. अम्मा तंजावरकडच्या मराठी. त्यांची मराठी जुनी, तमिळ हेलाची. ऐकताना मला माझीच भाषा फार लांबून ऐकू आल्यासारखी वाटायची.

खोली त्यांच्या मुलाची होती. रघुची. रघु माझ्या आधी आमच्याच गटात काम करायचा. किनाऱ्यापासून बरंच आत गेलं की समुद्राचा उथळ तळ संपतो आणि एकदम खोल उतार लागतो. तिथे उपकरणं सोडायला गेलेली बोट वाऱ्यात उलटली. बाकीचे सापडले. रघु सापडला नाही.

अम्मांनी त्याचे दिवस घातले नाहीत, फोटोला हार घातला नाही. रात्रीच्या भातातला त्याचा वाटा मात्र रोज झाकून ठेवायच्या.

"समुद्र कोठे नेतो, कोठे आणतो, ते तुम्हां लोकांस ठाऊक ना?" त्या मला विचारायच्या. "मग सांग की गे, त्याला कधी आणेल?"

 नैऋत्येचा पावसाळा संपला की इथला प्रवाह उलटतो, उत्तरेचं पाणी दक्षिणेकडे धावू लागतं, एवढं मी सांगायचे. त्या मान डोलवायच्या, जणू मी गाडीची वेळ सांगितली.

त्याच आठवड्यात आम्ही शहराच्या उत्तरेला, एण्णोरच्या समोर समुद्रात काही बोये, म्हणजे तरंगती यंत्रं, सोडले होते. पाण्याबरोबर वाहत जायचं आणि आपण कुठे आहोत, पाणी किती गरम आहे, हे उपग्रहावरून कळवत राहायचं, एवढंच त्यांचं काम. सगळे बोये दक्षिणेकडे निघाले होते. पूड घेऊन मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि सवयीने फोनवर नकाशा उघडला. एक बोया आमच्या जवळच्याच मरीना किनाऱ्याच्या वाळूवर होता.

असं होतं कधी कधी. कोळ्यांच्या जाळ्यात बोया अडकतो, ते तो उचलून घरी नेतात. मी गटातल्या मकरंदला फोन लावला.

"कोणीतरी उचललेला दिसतोय," तो म्हणाला. "तू जवळच आहेस ना? घेऊन ये जमलं तर."

आधी पूड देऊन यावी म्हणून मी घराकडे वळले. चालता चालता पाहिलं, तर बोयाने समुद्रकिनाऱ्याचा रस्ता ओलांडला होता. माणूस चालेल त्या वेगाने तो गल्ल्यांतून येत होता. कुठे चुकत नव्हता, वळणावर थबकत नव्हता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती, पण वीज गेलेली. अम्मांनी देवापुढचं निरांजन ओट्यावर आणून ठेवलं होतं. मी पूड दिली, दाराची कडी लावली आणि पुन्हा फोन पाहिला. बोया आमच्या गल्लीत होता.

आधी वास आला. किनाऱ्यावर येतो तो मासळीचा वास नव्हे. खोल तळातून वर ओढलेल्या चिखलाला जो वास असतो, थंड, लोखंडासारखा, तो. मग दाराखालच्या फटीतून पाणी आत आलं. हळूच, जमीन चाचपत आल्यासारखं. माझ्या पायाला लागलं तेव्हा मी दचकून मागे सरले. चेन्नईत एवढं गार पाणी मी कधी अनुभवलं नव्हतं.

"अम्मा..." बाहेरून आवाज आला.

पुरुषाचा आवाज. तोंडात पाणी धरून बोलावं तसा.

अम्मांच्या हातातला डबा खाली पडला. सगळी पूड त्या पाण्यात सांडली. त्या उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद मी पाहिला, तो आठवला की अजून गलबलतं.

"रघु? कण्णा, माझ्या बाळा, तूच ना?"

"अम्मा... थंडी वाजते."

त्या धावतच दारापाशी गेल्या. कडीवर हात ठेवला. आमच्या दाराच्या वरच्या भागात लाकडी गज होते, त्यांतून त्यांनी बाहेर पाहिलं. मी मागे होते, मला काही दिसलं नाही. अम्मांना काय दिसलं ते त्यांनी मला कधीही सांगितलं नाही. कडीवरचा हात त्यांनी काढून घेतला, एवढं मी पाहिलं. मग त्यांनी वरचा अडसरही लावला.

"अम्मा... दार..."

"नको," त्या कुजबुजल्या. "नको, कण्णा... जा. तू जा."

बाहेर बराच वेळ काही हललं नाही. मग ओल्या पायांचा आवाज आला, सावकाश, लांब जाणारा. पाणी फटीतून मागे ओढलं गेलं, ओहोटीला जातं तसं. वीज आली तेव्हा अम्मा दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. फोनवर बोया पुन्हा समुद्रात होता, दक्षिणेकडे निघालेला.

पुढे दक्षिणेला कडलूरच्या बाजूला तो एका नावेला सापडला. मकरंद आणि मी तो पाहायला गेलो. त्याच्या अंगावर शिंपल्यांचा गच्च थर चढला होता. पाण्याबाहेर आल्यावर टिकत नाहीत तसले कोवळे जीव, सगळे जिवंत.

"हा पाण्याबाहेर आलाच नाही," मकरंद म्हणाला. "उपग्रहाचीच चूक."

मग त्याने तापमानाचे आकडे काढले आणि माझ्यापुढे धरले. बोया गल्लीत होता त्या वेळचं पाणी इतकं थंड होतं, की तसं पाणी फक्त त्या खोल उतारावर सापडतं, जिथे बोट उलटली होती.

मी अम्मांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांना पुराव्याची गरज नव्हती. त्या दिवसापासून त्या एकच वाक्य बोलत राहिल्या. "माझं लेकरू थंडीने काकडत दारात आलं, नि मी त्याला जा म्हटलं गे." जेवणं कमी झालं. संध्याकाळ झाली की दार सताड उघडायचं, उंबऱ्यावर लोकरीची शाल घेऊन बसायचं. मी शेजारी बसायचे. कोणी यायचं नाही. मला ते पाहवेना, आणि मग वेळचेरीत संस्थेजवळ घर मिळालं तेव्हा मी तिकडे गेले.

वर्षभराने दिवाळीचा फराळ घेऊन भेटायला गेले. अम्मा खूप वाळल्या होत्या, उंबऱ्यावरच बसल्या होत्या. मला ओळखलं, हात धरला.

"तो येत नाही गे," म्हणाल्या. "रागावला."

वरच्या खोलीत नवा भाडेकरू आला होता, शेषाद्री म्हणून, मदुरैचा, बँकेत नोकरीला. वरच्या खोलीचा जिना घराच्या मागच्या बाजूने होता. त्यालाही थोडा फराळ द्यावा म्हणून मी वर गेले. मुलगा भला होता. अम्मांना औषधं आणून देतो म्हणाला. मी निघताना त्याने मला थांबवून तमिळमध्ये विचारलं.

"अक्का, तुम्ही मराठी ना? 'परत जाऊ का' म्हणजे काय?"

"कोण म्हणालं तुला असं?"

"संध्याकाळी कोणीतरी जिन्यात येऊन विचारतं. अगदी हळू आवाजात. अम्मांचा नातेवाईक असेल... मी दार उघडेपर्यंत गेलेला असतो." तो ओशाळून हसला. "मला भाषा समजत नाही. मग मी आतूनच म्हणतो, हो, हो."