सावकाशच्या हातून झालेली चूक

वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर एक नमुना पडला होता. स्टीलच्या दोन पट्ट्या काटकोनात जोडलेल्या, जोडावर बारीक, एकसारख्या लाटा, आणि कडेने हलका सोनेरी रंग. भाचीने तो उचलला, उलटा केला, नखाने खरवडून पाहिला आणि दुकानदाराला ठणकावून सांगितलं, "हे मशीनचं काम आहे. हाताचं नाही."

"हात माझा आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. उंच, किडकिडीत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला एक माणूस. मुठीत टंगस्टनच्या चार काड्या, शाळेत जाताना पेन्सिली धराव्यात तशा धरलेल्या.

"दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"हात."

आणि त्या भल्या माणसाने खरंच हात पुढे केला! दुकानदाराला हसू आवरेना. दुसरी एखादी असती तर लाजून इकडेतिकडे पाहिलं असतं. हिने तो हात नीट उलटसुलट करून पाहिला. लांब बोटं, स्वच्छ नखं, भाजल्याचा एक डाग नाही. तिची स्वतःची मनगटं ठिणग्यांनी ठिपके ठिपके झालेली होती.

"डाग कुठे आहेत? काम करता की नुसतं बघता?"

"टिग वेल्डिंग करतो. त्यात ठिणग्या उडत नाहीत." त्याने तिच्या मनगटांकडे पाहिलं. "तुम्ही... मिगवाल्या दिसता."

"कशावरून?"

"घाईवरून."

आता कोणी असं तोंडावर बोललं की भाची त्याची खरडपट्टी काढायची, ही तिची जुनी सवय. पण त्या दिवशी तिने नुसते पैसे काउंटरवर ठेवले. तिने मिगच्या वायरचं रीळ उचललं आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. तो बाहेर येईपर्यंत उभी राहिली, हे मात्र तिने नंतर कधीच कबूल केलं नाही.

तिला सगळे भाचीच म्हणत. मामाच्या शेडमध्ये गेट, ग्रिल आणि ट्रॉल्यांचे सांगाडे व्हायचे, ती तिथे सात वर्षं मिग चालवत होती, आणि गिऱ्हाइकंसुद्धा "भाची आहे का?" असंच विचारत यायची. त्यात मामाने मागच्याच महिन्यात जाहीर केलं होतं, की डोळ्यांना आता वेल्डिंगचा उजेड सोसत नाही, शेडमध्ये यापुढे तयार गेटं आणून विकायची. "तू बस टेबलावर, पोरी. फोन घे, गिऱ्हाइकांना नमुने दाखव." मामा हे प्रेमाने म्हणाला होता. भाचीने मात्र त्या टेबलाकडे पाहिलंही नाही. जन्मभर दुसऱ्याने जोडलेली गेटं दाखवत बसायचं? गावाबाहेर दुधाच्या टाक्या बनवणारा कारखाना होता, तिथे टिग वेल्डरची एक जागा भरायची होती, आणि परीक्षेला चार आठवडे होते. तिला ती जागा हवी होती. अगदी मनापासून, हट्टाने हवी होती.

"टिग शिकवाल?" तिने त्याला पायरीवरच गाठलं. "चार आठवड्यांत?"

"चार आठवड्यांत नाही येत."

"तुम्हाला किती लागले?"

"वर्ष."

"तुम्ही सावकाश दिसताच," ती म्हणाली.

तो एकदम हसला. त्याच्या कारखान्यात त्याचं नावच सावकाश पडलं होतं, हे तिला कुठून माहीत असणार!

योगायोग असा, की तो त्याच कारखान्यात होता. परीक्षेला बसणाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी भंगार पत्र्यावर सराव करायची मुभा होती. बाकी दोघं उमेदवार एकेकदा येऊन गेले, पुन्हा फिरकले नाहीत. भाची मात्र पहिल्या सुट्टीला सकाळीच दारात हजर.

"पंखा लावा की," घाम पुसत ती म्हणाली.

"पंखा बंदच राहील. वारा आला की गॅस उडून जातो. जोड उघडा पडतो."

"मिगमध्ये एवढे नखरे नसतात."

"मिगला मिश्र गॅस चालतो, गंज चालतो, घाई चालते. घोडा दाबला की वायर आपोआप पुढे येते, तीच पेटते, तीच वितळते. तुम्ही फक्त हात फिरवायचा." तो अगदी शांतपणे सांगत होता, त्यामुळे तिला जास्तच राग येत होता. "इथे टंगस्टन पेटतं, पण वितळत नाही. भराव दुसऱ्या हाताने, काडीने द्यायचा. उष्णता किती, ते पायाने ठरवायचं. गॅस शुद्ध आर्गॉन, त्यात कशाचीही भेसळ नको. आणि पत्रा असा पुसलेला, की तोंड दिसलं पाहिजे."

"एवढं कशासाठी?"

"आत दूध राहणार. जोडात केसाएवढी फट राहिली तर दूध तिथे अडकून नासतं."

तिने हेल्मेट खाली ओढलं. उजव्या हातात टंगस्टन धरणारी टॉर्च, डाव्यात काडी, पायाखाली पेडल. काय सांगावं! हात पुढे गेला की पाय विसरायचा, पाय दाबला की काडी चुकायची. तिसऱ्या मिनिटाला टंगस्टनचं टोक वितळलेल्या धातूच्या डबक्यात बुडलं आणि त्यावर काळा गोळा धरला.

"बुडवलंत," तो म्हणाला.

"दिसतंय मला!"

"घासून आणा. टोक पेन्सिलीसारखं, आणि घासल्याच्या रेषा उभ्या. आडव्या नकोत."

त्या दिवशी ती एकोणीस वेळा टोक घासायला गेली. विसाव्या वेळी तो आधीच घासलेली काडी घेऊन तिच्या स्टुलाशी उभा होता. त्याने ती नुसती पुढे केली. काडी देताना बोटाला बोट लागलं... हातमोज्यांवरून लागलं, म्हणजे तसं लागलं नाहीच म्हणा. पण तिला आठवण राहिली, म्हणून सांगतो.

दुसऱ्या सुट्टीला ती त्याला मास्तर म्हणू लागली. तो तिच्या पेडलवरच्या पायाकडे बघत "हळू... हळू... आता सोडा" असं पुटपुटायचा, आणि ती हेल्मेटच्या आतून "सोडलं!" म्हणून ओरडायची. तिसऱ्या सुट्टीला जोडावर पहिल्यांदा लाटा उमटल्या. वेड्यावाकड्या होत्या, पण लाटाच होत्या.

"मास्तर, बघा!"

त्याने तो तुकडा खिडकीपाशी नेला. खूप वेळ पाहिला.

"शेवटचे दोन इंच चांगले आहेत," तो म्हणाला.

"आणि पहिले चार?"

"पहिल्या चारात तुम्ही माझ्याशी बोलत होतात."

ती हसली आणि तोही हसला. नेमक्या त्याच वेळी तपासणीच्या बाई आत आल्या. टाक्यांचा प्रत्येक जोड आरसा आणि बॅटरी घेऊन तपासायचं काम त्यांचं, आणि परीक्षाही त्याच घेणार होत्या. त्यांनी तुकडा पाहिला, मान डोलावली, आणि सहज म्हणाल्या, "चला, सुटला म्हणायचा सावकाश. तुम्ही पास झालात की हा मोकळा."

"मोकळा म्हणजे?"

"अहो, जागा त्याचीच नाही का? पाइपांच्या कारखान्यात चाललाय. गाडीने सहा तास. बदली माणूस मिळाल्याशिवाय सोडत नाही म्हटलं मी त्याला." एवढं बोलून बाई निघूनही गेल्या.

भाचीने हेल्मेट हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. "सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"जायचंय तुम्हाला?"

"आठ वर्षं टाक्याच केल्या. पाइप शिकायचेत," तो म्हणाला. मग हलक्या आवाजात, "तेव्हा ठरवलं होतं तसं. दुकानात भेटलो... त्याच्या आधी."

तिला राग आला, वाईटही वाटलं. आपण जितक्या लवकर शिकू तितक्या लवकर हा जाणार! ही कसली शिकवणी? पण टेबलावर बसून गेटांचे नमुने दाखवणंही तिला दिसत होतं. ती स्टुलावर बसली आणि संध्याकाळपर्यंत एकामागून एक जोड काढत राहिली. ते सगळे चांगले आले, कारण त्यानंतर दिवसभर ती त्याच्याशी बोललीच नाही.

परीक्षेच्या दिवशी तिच्या वाट्याला दोन तुकडे आणि एक तास होता. बाकी दोघं आलेच नव्हते. बाई घड्याळ घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. सावकाश भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. त्याने सकाळी लवकर येऊन सगळी मांडणी स्वतः केली होती.

तिने पेडल दाबलं. विजेची ज्योत पेटली आणि लगेच भरकटली. फुरफुर आवाज आला, धूर आला. टंगस्टनचं टोक पिवळं पडून कुरतडल्यासारखं झालं आणि जोडावर काजळी धरली. चार आठवड्यांची मेहनत, आणि हे काय? तिने टंगस्टनची नवी काडी घातली, पत्रा पुन्हा पुसला, पुन्हा पेटवलं. पुन्हा तेच! पहिला तुकडा वाया गेला होता.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

मिगवाली भाची असती तर तिने दात-ओठ खाऊन तिसऱ्यांदा पेटवलं असतं. पण ती थांबली. हेल्मेट वर केलं आणि मनाशी हिशेब मांडला. बुडवलं नाही. पत्रा स्वच्छ. पंखा बंद. हात नेहमीसारखा. मग उरलं काय? ती उठली आणि नळीचा माग काढत कोपऱ्यात गेली. तिथे दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे होते. उंची एकच, फक्त खांद्यावरच्या पट्ट्याचा रंग वेगळा. टाक्यांचे पाय ज्या मिश्र गॅसवर मिगने जोडायचे, तोच सिलिंडर टिगला लावलेला होता.

"बाई," ती म्हणाली, "हा मिगचा गॅस आहे."

बाई उठून आल्या. त्यांनी पट्टा पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं. "कोणी लावला?"

"मी," सावकाश म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"तू?" बाईंचा विश्वासच बसेना. "आठ वर्षांत कधी पट्टा चुकला नाहीस, आणि आज?"

भाची त्याच्याकडे पाहत होती. तिच्या मनात एकच आलं, की याने मुद्दाम केलं. पण हे विचारायला वेळ नव्हता, वीस मिनिटं उरली होती. तिने स्वतः पाना घेतला, सिलिंडर बदलला, नळीतला जुना गॅस जाऊ दिला, टोक घासलं, रेषा उभ्या. मग स्टुलावर बसली, आणि एका दमात सहा इंच गेली. लाटांवर लाटा. कडेला हलकं सोनेरी.

बाईंनी आरसा लावून मागची बाजू पाहिली. "जोड चांगलाय," त्या म्हणाल्या. "पण जोड चांगला काढणारे मिळतात हो. बिघडल्यावर हातावर खापर न फोडता सिलिंडरपर्यंत जाणारे मिळत नाहीत. सोमवारपासून या."

जीव भांड्यात पडला. पण तो पूर्ण पडायच्या आत ती त्याला शोधत मागच्या अंगणात गेली. तो नळाखाली तोंड धूत होता.

"मुद्दाम केलंत?"

"नाही!" तो इतका दचकला, की पाणी तिच्यावर उडालं. "मुद्दाम करायचं असतं तर पेडलची तार सैल केली असती. कोणाला कळलंही नसतं."

हे मात्र खरं होतं. तिने बाहीने तोंडावरचं पाणी पुसलं.

"सकाळी पाना हातात घेतला आणि वाटलं, तुम्ही पास झालात तर मला जावं लागणार. नापास झालात तर तुम्ही त्या टेबलावर बसणार. दोन्हीकडून... मला नको तेच होणार होतं. कोणता सिलिंडर धरला, खरंच बघितलं नाही. माझं लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

"आता तेही सांगू?"

"सांगा."

"तुमच्यात होतं," तो म्हणाला. एवढं बोलून त्याने उगाचच नळ पुन्हा सोडला.

तिने हात पुढे करून नळ बंद केला.

"ऐक," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. ही जागाही आवडते. आणि तुला पाइप शिकायचेत. कोणी काही सोडायचं नाही."

त्याने शर्टाला हात पुसले. "सहा तासांचा रस्ता आहे गं."

"मग? महिन्यातून किती वेळा येशील?"

"दोनदा?"

"कमी आहे."

"दर आठ दिवसांनी?"

तिने जरा विचार केल्यासारखं दाखवलं. "चालेल. आठ."

रविवारी तो गेला. ती गाडीपर्यंत गेली नाही. तिला रडायचं नव्हतं आणि त्याच्यादेखत तर मुळीच नव्हतं. ती घरी मामासमोर बसून रडली. मामाने पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. सोमवारी ती कामावर रुजू झाली. मंगळवारी बाईंनी तिचा एक जोड नापास केला. बुधवारी तोच पुन्हा काढल्यावर पास केला. गुरुवार असाच गेला. सहा तास म्हणजे किती लांब, ते तिला पहिल्यांदा नीट कळलं.

शुक्रवारी दुपारी ती टाकीच्या तळाचा गोल जोड काढत होती. निम्म्यावर असताना हेल्मेटच्या खालच्या कडेतून तिला बूट दिसले. धुळीने भरलेले, लांबून आलेले. तिने ते ओळखले, पण हात हलला नाही. तिने गोल पूर्ण केला आणि मगच हेल्मेट वर केलं.

"अजून आठ दिवस झाले नाहीत," ती म्हणाली.

"नाही झाले," तो म्हणाला. "घाई झाली."