शांघायची तिन्हीसांज

आळेफाट्याला कटलरीचा माल घ्यायचा म्हणजे झुंबरलालचं दुकान. बाहेर टांगलेली प्लास्टिकची फुलं, खेळणी, डबे, सगळं चीनचं. माल पाठवायचा त्यांचा एकुलता एक विपुल. पोरगा शांघायला खोली घेऊन राहिला, आणि इकडं त्याच्या आईचं, कस्तुरबाईंचं घड्याळ त्या खोलीवर चालायला लागलं.

घर जैनांचं, दिवस मावळल्यावर अन्नाला हात लावायचा नाही. चीनमध्ये दिवस आधी मावळतो. आपले दुपारचे चार म्हणजे तिथं तिन्हीसांज. विपुल त्याआधी जेवायचा आणि मोबाइलवर लिहायचा, 'जेवलो, मम्मी.' ते वाचल्याशिवाय कस्तुरबाई संध्याकाळचं ताट वाढून घ्यायच्या नाहीत. झुंबरलाल चेष्टा करायचे, "तुझा सूर्य चिनी झालाय."

मग कोरोना आला, विमानं बंद पडली. पुढं दोन वर्षांनी शांघायला पुन्हा कुलपं लागली, माणसं इमारतींत कोंडली गेली. तरी रोजचा निरोप चुकला नाही. त्याच उन्हाळ्यात तापानं विपुल गेला. आईबापाला पोराचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

गेल्या साली विमानं परत सुरू झाली आणि या चैत्रात पुतण्या कल्पेश विपुलच्या खोलीतलं खोकं घेऊन आला. तोही तिथंच, समोरच्या इमारतीत राहायचा. खोकं गोडाऊनमध्ये ठेवताना तो हळूच म्हणाला, "काका, तापाचं निमित्त झालं. विपुल उपाशी होता."

"रोज तर जेवलो म्हणायचा."

"दारात सरकारची पिशवी यायची, त्यात मांस न् अंडी. काकीचे खाखरे पुरवून पुरवून खाल्ले त्यानं. मग डबा रिकामा झाला. अंधार पडला की लोक खिडकीत भांडी वाजवायचे, खायला द्या म्हणून. तोही थाळी वाजवायचा. मला ऐकू यायची. मीपण कोंडलेलाच व्हतो, काका."

झुंबरलाल खोक्यावरच बसले. म्हणाले, "हे तुझ्या काकीला कळता कामा नये. ती त्याच्या निरोपावर जेवत व्हती. ऐकलं तर मरंल ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला चांगदेव हमाल गोडाऊनमधून बाहेर आला. "शेठ, आत दिवस बुडालाय."

"डोकं फिरलंय का तुझं?"

पण झुंबरलाल आत गेले आणि उभेच राहिले. बाहेर डांबर वितळेल असं ऊन. आत मात्र राखेच्या रंगाची सांज उतरली होती. छताचे पारदर्शक पत्रे निळसर काळे दिसत होते. ट्यूब पेटली, उजेड जमिनीपर्यंत पोचेना. चिमण्या पंख फुगवून झोपायला बसलेल्या. अंगावर ओलसर गारवा आला. आणि कुठंतरी, लई उंचावर, भांड्यावर भांडं वाजत होतं.

शेजारच्या गॅरेजात कुणी ठोकत असेल म्हणून ते बघून आले. मेस्त्री घोरत पडला होता. त्यांनी शिडी लावून छताचे पत्रे धुऊन घेतले. पुढच्या दुपारी तेच झालं.

त्याच्या पुढच्या दुपारी कस्तुरबाई गोडाऊनच्या दारात आल्या. हातात दुकानातली नवी कोरी थाळी, डाळ, भात, चपाती, पाण्याचा तांब्या.

"कुणासाठी गं?"

"चांगदेव म्हणाला, आत रोज चारला दिवस बुडतोय. बाजूला व्हा. मावळायच्या आत ठेवायचंय."

झुंबरलाल दारातून हलले नाहीत. "कल्पेश काही बोलला?"

"तो कशाला बोलंल? निरोप आधी दिवस असताना यायचा. मग तिथं अंधार पडल्यावर यायला लागला. अंधारात माझा विपुल जेवंल का हो?"

"तुला तवाच..."

"विचारलं असतं तर पोराला अजून खोटं बोलावं लागलं असतं. मी आपली वाढून घ्यायची. जेवायची." आवाज सरळ होता. वाटी मात्र थाळीवर वाजत होती.

बाप-लेकानं जपलेलं काहीच कस्तुरबाईंपासून लपलं नव्हतं. झुंबरलालनी खोक्यावर थाळी ठेवू दिली. दाराला बाहेरून त्यांनीच कुलूप घातलं.

दाराच्या फटीतून अंधार दिसायला लागला.

भांडी वाजायला लागली. एक, मग कितीतरी.

मग एक थाळी अगदी दाराशी.

ती थांबली.

कस्तुरबाईंनी नवऱ्याचा हात धरला. झुंबरलाल ओक्साबोक्शी रडले, हायवेवरच्या गाड्यांना ऐकू जाईल असे.

आत उजेड परतला तेव्हा त्यांनी कुलूप काढलं. थाळीत शीत नव्हतं. विपुलला लहानपणापासून घरच्या रीतीची सवय, अन्न वाया जाऊ नये म्हणून थाळी धुऊन ते पाणी पिण्याची. थाळी तशीच धुतलेली होती. तळ ओला होता.

"जेवला," झुंबरलाल म्हणाले.

कस्तुरबाईंनी थाळी उचलली. काठावरून अंगठा फिरवला. मघाशी कोऱ्या असलेल्या काठाला सगळीकडून पोचे पडले होते.

"पोट नाय भरलं त्याचं," त्या म्हणाल्या, आणि पीठ मळायला घराकडं गेल्या.