भिवाजी राक्षसाचा गुडघा

शालन मोहितेने चांगदेव केणीला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका राक्षसाच्या वतीने बोलत होता.

साल त्र्याण्णव, गाव कोपर, निमित्त गणपतीचं. मंडळाने त्या वर्षी रोज आरतीनंतर व्हिडिओवर पौराणिक चित्रपट दाखवायचे ठरवले होते. कॅसेट लायब्ररीवाल्या सीतारामने 'पौराणिक' लिहिलेल्या फळीवरून एक अख्खा गठ्ठा काढून दिला. वरच्या खोक्यावर चार हातांचा, डोक्यातून ज्वाळा निघणारा एक गृहस्थ होता. त्याच्याकडे बघूनच सीतारामने तो गठ्ठा त्या फळीवर ठेवलेला. यात त्याची काही चूक नव्हती. चार हात आणि ज्वाळा म्हटल्यावर तुम्ही तरी कुठे ठेवला असता?

टीव्ही स्टेजवर चढला. बायका पुढे, पुरुष मागे बसले, दोनचार जणांनी हातही जोडले — आणि पडद्यावर आली हिरव्या केसांची, बशीएवढ्या डोळ्यांची एक मुलगी. ती एका लोखंडी यंत्राच्या पोटात बसून उडत होती आणि जपानी भाषेत ओरडत होती. जोडलेले हात सोडावेत की नाही, कोणाला कळेना.

आता अशा चित्रांना अ‍ॅनिमे म्हणतात. कोपरला त्या साली पौराणिकच म्हणायचे.

गलका होणार, तेवढ्यात चांगदेवने माईक उचलला. हा खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. आई जनीबाय मासळी विकायची, हा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा, आणि माईक घरचाच असल्यामुळे मंडळाच्या सूचनाही हाच करायचा. 'एक काळी छत्री सापडली आहे. ज्यांची असेल त्यांनी स्टेजजवळ यावे आणि ओळख पटवून घेऊन जावे.' ओळख पटल्याशिवाय तो कोणाला काही देत नसे. आदल्या वर्षी एका आजोबांची कवळी सापडली, तेव्हा त्यांनाही त्याने खूण विचारली होती; आजोबांना ती सांगता येईना, कारण दात चांगदेवच्या हातात होते.

त्याच सूचनेच्या आवाजात तो म्हणाला, "भाविकहो, ही मंजुळा. आणि समोर उभा आहे तो भिवाजी राक्षस. भिवाजी मनाने वाईट नाही. त्याचा गुडघा दुखतोय."

लोक खाली बसले.

पडद्यावर डोंगर फुटत होते, आणि चांगदेव सांगत होता की भिवाजीला लहानपणी पोहायला कोणी शिकवलं नाही, त्याला चार हात असल्यामुळे शिंपी जवळ करत नाही, आणि घरी म्हातारी आई वाट बघते. शालनने थोडा वेळ ऐकून घेतलं. ती टायपिंग क्लासमध्ये शिकवायची आणि कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची. तिने सांगितलं असतं तर अख्खं महाभारत बसच्या तिकिटामागे मावलं असतं.

"अहो राक्षस!" ती उठूनच उभी राहिली. "गुडघ्याचं राहू द्या! लढाई कधी?"

मांडव हसला. चांगदेव हसला नाही. माईकवर म्हणाला, "पिवळ्या ओढणीतला एक आवाज सापडला आहे. ज्यांचा असेल त्यांनी स्टेजजवळ यावे."

त्याला वाटलं, पोरगी लाजून खाली बसेल. ती स्टेजवर आली, त्याच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाली, "मंजुळाने बाण सोडला. भिवाजी पडला. पूल तुटला. पुढे."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं बोलायला लागले. काय झालं ते शालनने सांगायचं, कोणाला काय वाटलं ते चांगदेवने. माईक मात्र एकच होता. तो या हातातून त्या हातात जायचा… आणि दरवेळी जरा गरम लागायचा. ताडपत्रीवर भुरभुर पाऊस वाजायचा, कापराचा वास हवेत रेंगाळायचा, स्टेजवरचा टेबलफॅन चांगदेवचे केस उडवायचा, आणि शालन पडद्याकडे बघायचं विसरून एखाद्या बॉम्बला उशीर करायची. तिसऱ्या दिवशी बोलण्यातलं 'अहो' गळून पडलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त तिच्या आबांनी, धोंडीबा मोहित्यांनी, मागच्या रांगेत चष्मा पुसला. आबा केमिकल कंपनीत फोरमन होते, आणि "मी आपला लढाईपुरता येतो" असं रोज सांगून सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे.

"आज माझ्या हातातून माईक का ओढलास?" मांडवामागे चहा पिताना चांगदेवने विचारलं.

"चित्र हलतच नव्हतं! नुसते केस उडत होते. गोष्ट अडकली, मी ढकलली."

"अडकली नव्हती गो. चित्र हलत नाय, म्हणजे माणूस विचार करतोय."

"जपान्यांनी शाई वाचवली असेल."

"वाचवू दे. पण मला सांग, लोकांना मंजुळाची काळजी कधी वाटली? ती पडली तेव्हा नाय. त्याच्या आधी तिने एकटीने बसून डबा खाल्ला ना, तेव्हा. माणूस कळल्याशिवाय कोण पडलं नि कोण उठलं, काय फरक पडतो?"

शालनने त्याचं बिस्किट उचलून खाल्लं. मग म्हणाली, "आणि ती पडलीच नसती तर? नुसता तिचा डबा बघायला कोण थांबलं असतं? तुझी माणसं चांगली आहेत रे… पण त्यांना कोणीतरी घराबाहेर काढायला नको?"

चांगदेव तिच्याकडे बघत राहिला. हललाच नाही. तेवढे केस उडाले.

"काय झालं?"

"विचार करतोय."

"कसला?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं. "…गुडघ्याचा."

शालनने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. हा माणूस राक्षसाच्या वतीने बोलतो, यंत्राच्या वतीने बोलतो. एकदा तर मोडलेल्या पुलाच्याही वतीने बोलला होता, बायका रडल्या होत्या. स्वतःच्या वतीने मात्र एक अक्षर काढत नव्हता.

शेवटच्या कॅसेटच्या आदल्या संध्याकाळी तो वायर गुंडाळत होता, तेव्हा ती जवळ जाऊन म्हणाली, "रविवारी मला बघायला येतायत. सांगलीचा आहे. बँकेत."

वायर हातातच राहिली. त्याने गुंडाळलेली वेटोळी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

"बरं स्थळ असेल," तो शेवटी म्हणाला. "बँकेत बसून काम. गुडघे शाबूत असतील."

"चांगदेव," शालन म्हणाली, "तू माणूस फार चांगला आहेस. तुझ्या बाबतीत पुढे काही होतच नाही, एवढंच."

पाऊस होता, छत्री तिथेच राहिली, तरी ती तशीच निघाली. परत फिरली असती तर रडली असती, आणि रडण्यात तिला वेळ घालवायचा नव्हता. भिजत भिजत घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. माणूस हलत नसेल तर गोष्ट हलवायची. उद्या मांडव सुटणार, माईक जाणार. जे व्हायचं ते उद्याच. आणि ते चारचौघांत, मागच्या रांगेत आबा बसलेले असताना. त्याशिवाय हा माणूस बोलायचा नाही, आणि आबा ऐकायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी मांडवात मुंगीला जागा नव्हती. पडद्यावर मंजुळा आणि भिवाजी समोरासमोर आले. मंजुळाने यंत्राचं दार उघडलं. चित्र थांबलं, केस उडाले — आणि व्हीसीआरमधून कोणीतरी पापड खातंय असा आवाज आला. पडद्यावर मुंग्या. सीतारामने कॅसेट ओढली, तर पाठोपाठ टेपचं काळं आतडं बाहेर आलं.

"पुढे काय?" सगळा मांडव ओरडला.

शालनने माईक घेतला. हाताला घाम होता, आवाजाला नव्हता.

"मंजुळा यंत्रातून खाली उतरली. भिवाजीसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, 'रविवारी मला बघायला मंगळावरून मुलगा येतोय. तिथल्या बँकेत आहे. मला तो नको, मला तू हवास. तुझं काही म्हणणं आहे का?'"

आणि तिने माईक चांगदेवपुढे धरला.

चांगदेव थांबला. टेबलफॅनने त्याचे केस उडत होते. पुढच्या रांगेतली कोणीतरी काकू म्हणाली, "अगं बाई, राक्षसाला घाम फुटला." शालनला वाटलं, ढकलावं. नेहमीसारखं 'पुढे' म्हणावं… पण ती गप्प राहिली. चित्र हलत नाही म्हणजे माणूस विचार करतोय. तिने त्याला करू दिला.

मग त्याने घसा खाकरला. राक्षसाचा आवाज बाजूला ठेवला आणि सूचनेचा लावला.

"एक सूचना. स्टेजवर एक मुलगा सापडला आहे. उंची बेताची, रंग सावळा, शर्ट निळा. बरेच दिवस हरवलेला होता, त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ज्यांचा असेल त्यांनी स्टेजजवळ यावे आणि… ओळख पटवून घेऊन जावे."

शालन त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. पण नियम म्हणजे नियम. ती पायऱ्या उतरून खाली गेली, मांडवाच्या मागच्या टोकापर्यंत चालत गेली, आबांच्या खुर्चीला वळसा घातला आणि सगळ्यांमधून वाट काढत पुन्हा स्टेजसमोर येऊन उभी राहिली.

"मुलगा माझा आहे," ती म्हणाली.

"ओळख?" त्याचा आवाज थरथरला. वायर सैल असेल, असं नंतर त्याने सांगितलं.

"डाव्या अंगठ्याला सोल्डरिंगचा डाग. चहात बिस्किट बुडवतो आणि बोलताना विसरतो. मोडलेल्या पुलाचंही याला वाईट वाटतं. सगळ्यांच्या वतीने बोलतो, स्वतःच्या वतीने आजच बोलला."

"ओळख पटली," चांगदेव माईकवर म्हणाला. "न्या."

टाळ्या वाजणार, तेवढ्यात आबा उभे राहिले. मांडव चिडीचूप.

"हे कुठल्या पुराणात आहे?" आबांनी विचारलं.

"पौराणिकच्या फळीवरच होतं, मोहितेसाहेब," टेप गुंडाळता गुंडाळता सीताराम म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते चांगदेवकडे बघत होते. "रविवारी चारला सांगलीचे येणार आहेत."

"मग आम्ही तीनला येतो, आबा." या वेळी तो थांबला नाही; केसांना उडायलाही सवड मिळाली नाही. "आईला घेऊन येतो. ती सगळं नीट विचारेल. मी पण बोलेन. माझ्या वतीने."

आता आबा थांबले. उडायला त्यांना फारसे केस नव्हते, म्हणून ते विचार करतायत की रागावलेत, ते कळायला मार्ग नव्हता. शालनने ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं.

"तीनला या," आबा म्हणाले. "सांगलीच्यांना मी काय ते कळवतो." ते बसले आणि लगेच परत उठले. "पण ते राहिलंच की. भिवाजीच्या गुडघ्याचं पुढे काय झालं?"

चांगदेवने तोंड उघडलं. त्याला भिवाजीच्या आजोळापासून सुरुवात करायची होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शालनने स्टेजखालूनच हात वर करून माईक घेतला. तो चांगलाच गरम होता.

"बरा झाला, आबा," ती म्हणाली. "रविवारी तीन वाजता चालत आपल्या घरी येतोय."