सीलिंगवरचा जीव

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. ही माझ्या सख्ख्या अंबिकामावशीची गोष्ट आहे. यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

भाईंदर पूर्व, इंद्रलोक. गेल्या वर्षीचा मे महिना.

मावशीचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. स्लॅब तापून घराची भट्टी व्हायची, म्हणून मावशीच्या यजमानांनी, सुभाषकाकांनी, स्लॅबखाली थर्माकोल भरून सीलिंग करून घेतलं. घर गार झालं. ते उंदरांनाही आवडलं. पाइपाच्या भोकातून शिरून त्यांनी वरती संसार थाटला.

पेस्ट कंट्रोलवाल्याने बजावलं होतं, आधी उंदीर बाहेर पडू द्या, मगच भोक बुजवा. पण काकांना कुठला धीर? त्याच दिवशी सिमेंट थापून मोकळे झाले.

दुपारी आवाज सुरू झाला...

खर्र... खर्र...

नेमक्या त्याच्याखाली मावशीच्या सासूबाई, चंद्रावती, अंथरुणाला खिळलेल्या.

"अंबिका, वर जीव अडकलाय गं. सोडव त्याला."

मावशीला स्वच्छ ऐकू येत होतं. पण नवंकोरं सीलिंग कोण फोडणार? भास होतोय तुम्हाला, असं म्हणून तिने विषय संपवला. काकांनीही आईला तेच सांगितलं.

तीन दिवस म्हातारी हात जोडत राहिली. आवाज बारीक होत गेला.

चौथ्या दुपारी थांबला...

त्याच दुपारी सासूबाई गेल्या.

दहाव्याच्या रात्री त्यांच्या जागेवर दिवा लावला, पीठ पसरलं, वर टोपली झाकली. पिठावर जे पाऊल उमटेल त्या जन्मात माणूस गेलं, असं आमच्याकडे मानतात.

सकाळी टोपली उचलली...

उंदराची इवलीशी पावलं.

पिठाच्या मधोमध. आत येतानाची नाहीत, बाहेर जातानाचीही नाहीत.

आणि दुपारी वरून पुन्हा... खर्र...

काकांनी हातोडा घेऊन सगळं सीलिंग खाली आणलं. मेलेला उंदीर नाही, लेंडी नाही, थर्माकोलला साधा दात लागलेला नाही, जणू उंदीर तिथे कधी आलेच नव्हते. वर नुसता उघडा स्लॅब.

आणि त्या स्लॅबमधून... खर्र... खर्र...

मावशीने काकांचा हातोड्याचा हात धरला.

"अहो, तेव्हापण ऐकू येत होतं मला. आईंशी खोटं बोलले मी."

काकांनी हातोडा खाली ठेवला.

"मलापण येत होतं," ते म्हणाले.

मी त्या घरी आता दुपारचा जात नाही. आवाज अजून येतो. दोघं जेवण टाकून ऐकत बसतात. सोडवायची तयारी आहे हो त्यांची आता, पण फोडायला काही उरलेलंच नाही.