डांबरावरचं खळं

आमच्या घरात भुतंखेतं मानत नाहीत. धम्माची दीक्षा घेतली त्याच वर्षी वडिलांनी देव्हारा उचलून गोदावरीत सोडला. तेव्हापासून आमच्याकडे कुणी लिंबू उतरवलं नाही की अंगारा लावला नाही. त्यामुळे हे सांगताना मला संकोच वाटतो. पण संकोचापेक्षा राग मोठा आहे, म्हणून सांगतो. तो दिवा जरा अलीकडे घ्या.

आईचा चष्मा आणायला आम्ही दोघं भाऊ गंगाखेडला गेलो होतो, तिथून सुरुवात करू. दादा, म्हणजे सूर्यभान, आमच्याच गावात शाळामास्तर होता. त्याने एक जुनी फटफटी घेतली होती आणि हैदराबादेहून हेल्मेट आणलं होतं. ते घालून तो निघाला की पार पालमपर्यंत लोक दात काढायचे. "मास्तरनं जित्तेपणीच डोक्यावर मडकं घेतलं!" वळणावर हॉर्न वाजवणार, बैलगाडी दिसली की थांबणार, दिवेलागणीला तर इतकी हळू चालवणार की सायकलवाले पुढे जायचे. "मास्तर, बैल जुंपा की त्याला," असं ओरडून जायचे. दादा हसायचा आणि आणखी हळू चालवायचा.

त्याची एक शिस्त होती. मागे कुणी बसलं की हेल्मेट काढून त्याच्या डोक्यावर. "मागच्याला रस्ता दिसत न्हाई. त्याचं डोकं आधी." थांबायचं असेल तर मागच्याने खांद्यावर दोन टपल्या मारायच्या, ओरडायचं नाही. मी हेल्मेटवरून त्याच्याशी भांडायचो. त्याने कधी ऐकलं नाही, त्या दिवशीही नाही.

रस्ता नुकताच डांबरी झाला होता, आणि गावच्या बड्या शेतकऱ्याला, किशनरावांना, एक युक्ती सापडली होती. खळं करायचं तर रानात जमीन चोपायची, शेणाने सारवायची, बैल फिरवायचे. त्यापेक्षा हुलग्याचे वेल सरळ रस्त्यावर पसरले की एस.टी. आणि ट्रक फुकटात मळणी करून जातात. वेल कडेला सरकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी मोठे धोंडे लावायचे. बैल गोठ्यात रवंथ करत बसायचे आणि मालक बाजेवर.

ओढ्याचा पूल ओलांडला की वळण आहे. त्या वळणाच्या पोटातच हुलगा पसरला होता. दिवेलागण झालेली, आणि कंदील ठेवायची बुद्धी कुणाला झाली नव्हती. डांबरावर सुटा हुलगा म्हणजे बंदुकीचे छर्रेच. दादा हळूच होता, तरी चाक त्याच्या हातात राहिलं नाही. मी खड्ड्यात फेकलो गेलो. हेल्मेट तडकलं, पण माझं डोकं वाचलं. दादाचं डोकं किशनरावांच्या धोंड्यावर आपटलं, तो जागीच गेला. माझ्या खिशातल्या चष्म्याचा चुरा झाला होता.

सकाळी पोलीस येईपर्यंत रस्ता झाडून लख्ख झाला होता. एक धोंडा जागेवर नव्हता. किशनराव म्हणाले, मास्तर पिऊन होता. पोलीस पाटील तात्यारावांनी मान डोलावली. उचलली जीभ लावली टाळ्याला! ज्याने जन्मात ताडीचा थेंब चाखला नाही त्याला त्याच्याच शाळेतली पोरं 'दारूडा मास्तर' म्हणू लागली.

माझी आई पंचफुला चौथ्या दिवशी किशनरावांच्या रानात गेली. उरलेली मळणी आता तिथे चालली होती. पूर्वी वडील याच खळ्यावर धोतराचा सोगा पसरून बलुत्यासाठी उभे राहायचे. दीक्षेनंतर त्यांनी ते सोडलं, आणि त्यानंतर आमच्या घरचं कुणी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आईला बघून किशनराव गड्याला म्हणाले, "घाल रे तिच्या वट्यात चार शेर. खळ्यावर आलेल्याला रिकामं धाडू न्हाई."

"दाणे नकोत मला," आई म्हणाली. "माझा लेक पेलेला न्हवता, एवढं बोला."

किशनरावांनी गड्याला पुन्हा मापाकडे खूण केली.

"मग रिकामंच धाडलं की," आई म्हणाली आणि परत आली.

पुढच्या वर्षी पुन्हा हुलगा आला, आणि पुन्हा त्याच वळणावर पसरला. मी तोवर दादाची फटफटी दुरुस्त करून घेतली होती. तडकलेलं हेल्मेट आईने खुंटीला टांगलं होतं, मी नवं आणलं होतं. एका संध्याकाळी गंगाखेडहून एकटाच परत येत होतो. पुलाच्या अलीकडे वाळल्या वेलांचा वास आला आणि मी वेग कमी केला. तेवढ्यात फटफटीची मागची बाजू दबली. स्प्रिंगा कुरकुरल्या. इंजिन जड झालं, दोघं बसल्यावर व्हायचं तसं.

मी मागे पाहिलं नाही. पाहवलंच नाही.

पूल संपता संपता माझ्या खांद्यावर दोन टपल्या पडल्या.

मी हलक्या हाताने ब्रेक लावला. फटफटी थांबली तेव्हा पुढचं चाक वेलांना टेकलं होतं. पलीकडे बाजेवर किशनराव घोंगडीत बसले होते. कंदीलही त्यांनी वाऱ्याला विझू नये म्हणून घोंगडीतच धरला होता! ते उठून आले आणि कंदील वर केला. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

"कोन हाय... सिताराम? आन् तुझ्या मागं?"

"मागं कुणी नाही."

"असं कामून म्हणतो... बसलाय की." "रोज येतो. खळ्याच्या कडंला हुभा ऱ्हातो. माप भरून पुढं केलं तर... घेत न्हाई."

"त्याला दाणे नकोत. काय हवं ते आईने तुम्हाला सांगितलं होतं."

तेवढ्यात लांबून दुसऱ्या फटफटीचा आवाज आला. त्यांच्या लेकाने, दिनकरने, दसऱ्यालाच नवी कोरी घेतली होती, आणि तो ती कशी उडवतो हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"दिनकर हाय," किशनराव म्हणाले.

"मग कंदील रस्त्यात ठेवा. वेल ओढा बाजूला."

"चालू मळणी मोडू न्हाई... लक्ष्मी उठून जाती." बघा, काय माणूस! लेकाचा आवाज जवळ येतोय आणि हा कंदील छातीशी धरून लक्ष्मी सांभाळतोय.

"लक्ष्मी जाऊ द्यायची की लेक, ते तुम्हीच ठरवा," मी म्हणालो आणि कंदिलाला हात घातला. ते सोडेनात.

तेव्हा माझ्या मागच्या स्प्रिंगा सुटल्या. सीट वर आली. आणि सांडलेल्या हुलग्यावरून चर्र... चर्र... पावलं पुलाकडे निघाली. दिसत कुणी नव्हतं. दाणे मात्र दबत होते.

किशनराव ओरडले, "मास्तर पेलेला न्हवता! हुलगा माझा व्हता, धोंडे माझे व्हते! माझ्या लेकाला थांबिव रे बाबा!"

दिनकरची फटफटी पुलावर आली आणि एकदम बंद पडल्यासारखी गप्प झाली. थोड्या वेळाने तो ती ढकलत आला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मास्तर आडवे आले," तो म्हणाला. "हात वर करून... डोकं फुटलेलं."

किशनरावांनी माझे पाय धरले. उद्या चावडीवर सगळ्यांदेखत खरं बोलतो म्हणाले. मी घरी जाऊन आईला सांगितलं. त्या रात्री वर्षभरात पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

सकाळी आई चावडीसमोर जाऊन बसली. किशनराव पान चघळत म्हणाले, "अंधारात गाडी बघून वरडलो असंन. त्यात बोलायचं काय?" दिनकरने तर कळसच केला. "मला कुनी थांबिवलं न्हाई. मीच ब्रेक मारला. आन् मास्तर पीत व्हते, समद्यांला मालूम हाय." गरज सरो, वैद्य मरो! मी अंगावर धावून गेलो तेव्हा चौघांनी मला धरलं. आई पदर झटकून उठली आणि चालू लागली.

त्यानंतर माझ्या खांद्यावर कधी टपल्या पडल्या नाहीत. हुलगा अजून तिथेच पसरतात. मी पुलाअलीकडे उतरतो आणि फटफटी ढकलत नेतो.

आईने दुसरा चष्मा करू दिला नाही. "बघायचं काय ऱ्हायलंय?" म्हणते. हातापलीकडचं तिला दिसत नाही, माणसं ती पावलांवरून ओळखते. सुगी संपत आलेली, अशाच एका दिवेलागणीला ती उंबऱ्यावर बसली होती आणि मी शेजारी कंदिलाची काच पुसत होतो. समोरच्या रस्त्याने दिनकर फटफटीवरून गेला. एकटाच होता, बोडकाच. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

आईने मान वर केली. "दिनकरच्या मागं सूर्या बसलाय."

"आई, तो एकटा आहे. आणि तुला इतक्या लांबचं दिसतं कुठे?"

"आज दिसलं की. आजबी सूर्याचं डोकं बोडकंच हाय."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "हात... खांद्यावर आहेत का?"

"न्हाई," आई म्हणाली. "दिनकरच्या डोळ्यांवर हायेत."

फटफटीचा आवाज पुलाकडे चालला होता. मी कंदील पेटवून धावायला उठलो. आईने माझा सदरा घट्ट धरला.

"बस खाली," ती म्हणाली.