साहेब आला, पापड उचला

दुपारी पाडे फिरून परत आले, तर उपकेंद्राच्या अंगणात, सोलरच्या पॅनेलखाली एक माणूस उताणा पडलेला. मला वाटलं, चक्कर आली असणार. आता याला उचलायचं कोणी? माझंच अंग मला उचलवत नव्हतं.

"ऊन लागलं का?" मी विचारलं.

"नाही... वायर बघतोय." तो तसाच पडून म्हणाला. "पण नाडी बघायची असेल तर बघा."

"बॅटरीची बघा. ती मेलीय."

तो हसला. हरेश त्याचं नाव. साखरशेतचा, ठाण्यात वायरिंग शिकून जव्हारच्या एका सोलरवाल्याकडे लागलेला. मी मंजुषा, जामसरची, वावर गावाच्या पलीकडच्या या पाड्यावर नर्स. तेव्हा दोन हजार चार साल होतं आणि वीज अजून आमच्यापर्यंत चढली नव्हती. पॅनेलवर बाळंतपणाच्या खोलीत एक ट्यूब चालायची. ती तासाभरात विझायची, आणि पुढचं बाळ मी तोंडात टॉर्च धरून घ्यायची.

त्याने मीटर लावला. काच स्वच्छ, करंट पूर्ण.

"हे पॅनेल मला बघून खूश होतं," तो म्हणाला. "मी आलो की ठणठणीत."

"मग माझ्यासारखं नाही ते. मी कुणाला बघून ठणठणीत होत नाही."

"बघू..." तो म्हणाला, आणि नको तितका वेळ माझ्याकडे बघत राहिला.

पुढच्या फेरीत त्याने बॅटरीत पाणी भरलं, टोकांवरची पांढरी बुरशी घासली, वायर बदलली. बॅटरी तरी अर्धीच भरायची. मी पाडे फिरून यायची, माठातलं पाणी स्वतःच ओतून घ्यायची, आणि भिंतीला टेकून त्याचं काम बघायची. थकलेल्या माणसाला एवढी करमणूक पुरे.

तिसऱ्या फेरीला तो हसला नाही.

"मालक म्हणतो, पॅनेल काढून दुसऱ्या गावाला द्यायचं. इथल्या लोकांना वापरता येत नाही म्हणे."

"मग त्याला सांगा, एक बाळंतपण तोंडात टॉर्च धरून करून दाखव!" मी ओरडले. "आणि तुम्ही? तुम्हीच येणार ना काढायला?"

त्याने मीटर बॅगेत टाकला. मला पलीकडच्या पाड्यावर जायचंच होतं, म्हणून खिंडीपर्यंत आम्ही बरोबर निघालो. वर पोचल्यावर त्याने एका दगडावर आपला रुमाल पसरला.

"बसा. रोज चालता... बसता कधी?"

बसले. खाली अख्खा पाडा दिसत होता, मधोमध आमचं पॅनेल उन्हात चमकत होतं. तेवढ्यात तिथे नवशी दाई आली. माझ्याबरोबर बाळंतपणं करणारी, उजेड नाही म्हणून माझ्यापेक्षा जास्त शिव्या देणारी. तिने जुन्या लुगड्याची पट्टी काचेच्या खालच्या कडेला पसरली. पट्टीवर नागलीचे ओले पापड.

हरेश उठला. मीही. दोघेही धावतच खाली आलो.

"सायब येतो म्हणून उचलले होते, बाय!" नवशी दचकून पट्टी ओढायला लागली. "सायबापुढं पसारा ठेवतात का?"

"आजी, रोज इथेच वाळवता?"

"मग! काच गरम, कोंबड्या चढत नाय. बाय पाडे फिरून येईस्तोवर वाळतात. आणि वीतभरच झाकली. वरची सगळी ठेवलीय ना तुझ्या सूर्याला?"

मला हसू आलं, मग संताप आला. या भागातली पोरं उपासमारीने मेली, त्यानंतर इथे जीपगाड्या भरून साहेब आले. साहेब येणार म्हणून लोकांनी अंगणं सारवली, पसारे लपवले. साहेबांनी सारवलेली अंगणं बघितली आणि गेले. अजून खिंडीत बॅगवाला दिसला की पाड्यात हाक जाते, आणि जे दिसायला हवं तेच आधी उचललं जातं. ही सवय लोकांना कुणी लावली? साहेबांनीच.

हरेश चिडला नाही. उकिडवा बसला. "आजी, पाटात एकाच जागी बांध घातला, तर खालच्या खाचरात पाणी जाईल?"

"कसं जाईल?"

"हे तसंच. वीतभर झाकलं की सगळीच वाट अडते."

"मग आधी का नाय सांगितलास?"

"तुम्ही पापड दाखवले कुठे!"

त्याने बांबू तोडून बाजूला पापडांसाठी उंच माच बांधून दिली. पॅनेल राहिलं. ट्यूब रात्र काढायला लागली. बिघाड संपला... आणि येण्याचं कारणही. दोघांनाही कळलं.

पुढच्या आठवड्यात पाडे फिरून आले. पाय सुजले होते. अंगणात नवशीचा पसारा तसाच, आणि माचेखाली बसून हरेश काठीने कोंबड्या हाकलत होता.

"मीटर कुठाय?"

"आणला नाही."

"बिघाड?"

"नाही... तरी आलो."

नवशी पापड लाटता लाटता म्हणाली, "खिंडीत दिसला तेव्हा हाकच नाय कुणी दिली. याच्यासाठी आता कोण उठतंय?"

हरेशचे कान लाल झाले. "म्हणजे साहेब राहिलो नाही. मग कोण झालो... तुम्ही सांगा."

मी भिंतीला टेकले. डोळे मिटले. उत्तर केव्हाच तयार होतं, बोलायचं त्राण तेवढं नव्हतं.

"आधी पाणी दे," मी म्हटलं. पहिल्यांदाच, अरे-तुरे करून.

माठावरचं झाकण वाजलं.